मात्तेओत्ती "वाया गेला" म्हणणाऱ्यांसाठी

जुनी वही
परवा स्पष्टवक्ता यांनी इटलीतला समाजवादी खासदार जाकोमो मात्तेओत्ती याच्यावर "जमीनदाराच्या पोराचं वाया गेलेलं हौतात्म्य" अशा मथळ्याचा लेख टाकला. थोडक्यात म्हणणं असं की घरचा गडगंज माणूस, हौसेनं समाजवादी झाला, संसदेत एक भाषण ठोकलं, अकराव्या दिवशी उचलून मारला, आणि मुसोलिनी पुढची एकोणीस वर्षं खुर्चीवरच होता, तर मिळवलं काय. तिथेच दोन ओळी लिहायला बसले होते, पण इतका राग आला की दोन ओळींत मावेना, म्हणून वेगळा धागा.

"एक भाषण" हे आधी डोक्यातून काढा. ३० मे १९२४ च्या त्या भाषणाआधी या माणसाची किमान तीन वर्षं यातच गेली होती. मार्च १९२१ मध्ये कास्तेलगुल्येल्मोला फॅसिस्टांनी त्याला पकडून ट्रकमध्ये घातलं, रानोमाळ फिरवलं, धमकावलं आणि रात्री सोडून दिलं. त्यानंतर स्वतःच्या पोलेसिने भागात त्याला राहणं अशक्य केलं. खासदार निवडून आलाय पण आपल्याच मतदारसंघात पाय ठेवता येत नाही, अशी गत. तो काय करत बसला? नोंदी. कुठल्या गावात कुणाला मारलं, कुठली सहकारी संस्था जाळली, कुठल्या नगरपालिकेला दमदाटी करून राजीनामे घेतले, सगळं तारखेनिशी. सत्ताधाऱ्यांच्या पहिल्या वर्षावर त्यानं जे पुस्तक काढलं त्यात अर्थव्यवस्थेची आकडेमोड आहे आणि मग पानंच्या पानं नुसती मारहाणींची यादी. वाचायला कंटाळवाणं असेल, पण त्या काळात ती यादी करणं म्हणजे काय हे घरात बसून कळायचं नाही.

आणि ते भाषणसुद्धा "ठोकलेलं" नव्हतं हो. एप्रिलची निवडणूक आचेर्बो कायद्याखाली झालेली, म्हणजे ज्या यादीला सगळ्यात जास्त मतं आणि किमान २५ टक्के, तिला दोन तृतीयांश जागा. एवढी सोय करून ठेवल्यावरही मारामाऱ्या केल्याच. रेज्जो एमिलियातला समाजवादी उमेदवार आंतोनियो पिच्चिनीनी फेब्रुवारीतच गोळ्या घालून मारलेला. मात्तेओत्ती उभा राहिला आणि मतदान झालं कसं ते सांगायला लागला. आमच्या शंभरातल्या साठेक उमेदवारांना स्वतःच्या मतदारसंघात मोकळेपणी फिरता आलं नाही म्हणाला. मग तो "तीनचा नियम". पो नदीच्या खोऱ्यात मतदारांना पसंतीचे तीन आकडे लिहून हातात द्यायचे, प्रत्येकाला वेगळ्या जुळणीचे, म्हणजे मोजताना कळणार की कुणी सांगितल्याप्रमाणे मत दिलं आणि कुणी नाही. गुप्त मतदानाचा असा निकाल लावलेला, आणि तो हे आरडाओरड्यात, शिव्यांत, टेबलं बडवण्यात एकेक करून सांगतोय. सभापती रोक्को म्हणाले जरा जपून बोला. त्यावर त्याचं उत्तर, मला जपूनही बोलायचं नाही आणि बेजबाबदारपणेही नाही, मला संसदीय रीतीनं बोलायचंय.

बसल्यावर शेजारच्या सहकाऱ्यांना म्हणाला, आता माझ्या श्राद्धाचं भाषण तयार ठेवा. हे माहीत असून उभा राहिलेला माणूस "हौसेनं" उभा होता असं लिहिताना हात कसा धजला?

स्पष्टवक्ता
वहीताई, धाडसाबद्दल मी कुठे शंका घेतली? उपयोगाबद्दल घेतली. तुमच्याच गोष्टीचा शेवट सांगतो. त्यानं निवडणूक रद्द करा म्हटलं, बाजूनं ५७ मतं, विरुद्ध २८५. १० जूनला दुपारी तिबेर नदीकाठच्या रस्त्यावरून गाडीत कोंबला, १६ ऑगस्टला रोमपासून वीसेक किलोमीटरवर रियानोच्या रानात प्रेत सापडलं. १९२६ ला किएतीला खटला झाला, उचलणाऱ्या टोळीचा म्होरक्या दुमिनी, त्याचं वकीलपत्र कुणी घेतलं तर खुद्द फॅसिस्ट पक्षाचा सचिव फारिनाच्ची! तिघांना सहा वर्षांनाही थोडी कमी अशी शिक्षा, दोघे निर्दोष, आणि माफीच्या हुकुमामुळे शिक्षा झालेलेही लगेच बाहेर. राजा गप्प. सिनेटनं मुसोलिनीवर विश्वास दाखवला, त्यात क्रोचेसारखा तत्त्वज्ञ. हे सगळं बघून "वाया गेलं" म्हटलं तर ते अपमान म्हणून नाही, दुःखानं म्हटलंय.

जमीनदाराबद्दल मात्र ठाम आहे. त्याला त्याच्याच भागात "फरकोटवाला समाजवादी" म्हणायचे. उगाच नाही म्हणायचे.

उच्चारप्रेमी
धागा चांगलाय पण आधी नाव तरी नीट लिहूया सगळ्यांनी. मागच्या धाग्यात निम्मे लोक "मॅटिओटी" लिहीत होते. इटालियन नावं आपण इंग्रजी चष्म्यातून कधीपर्यंत वाचणार? पता आणि पत्ता यातला फरक ज्या भाषेला कळतो तिला "त्त" लिहायला काय अडचण आहे? इटालियन आणि मराठी दोन्ही लिहिल्यासारख्या वाचायच्या भाषा, मध्ये इंग्रजी हवी कशाला. मी वीस वर्षं हेच सांगतोय, एका प्रकाशकाला यादी करून पाठवली होती, त्यानं पोचही दिली नाही.

लाल दिवा
उच्चारप्रेमी, मुद्दा बरोबर, पण इथे नको.

वहीताई, मी स्पष्टवक्त्यांच्या बाजूचा नाही, पण तुमच्याही नाही. कम्युनिस्ट नेता ग्राम्शीनं त्याच ऑगस्टमध्ये मात्तेओत्तीबद्दल लिहिलं, "शून्याचा यात्रेकरू". क्रूर वाटतं ऐकायला. पण तो काय म्हणतोय ते बघा: या लोकांनी शेतमजुरांना जागं केलं, संघटित केलं, आणि मग सत्ता घ्यायची वेळ आली तेव्हा पुढे रस्ताच नव्हता त्यांच्याकडे. जून १९२४ मध्ये सगळा देश हादरलेला, फॅसिस्टांनी कोटावरचे बिल्ले काढून खिशात घातले अशी स्थिती. कम्युनिस्ट म्हणाले सार्वत्रिक संप करा. बाकीच्या विरोधकांनी काय केलं? सभात्याग! "आव्हेंतीनो" या रोममधल्या टेकडीचं नाव घेऊन सभागृहाबाहेर बसले आणि राजा काहीतरी करेल याची वाट बघितली. मात्तेओत्ती वाया गेला नाही, मागे राहिलेल्यांनी त्याला वाया घालवला.

जुनी वही
लाल दिवा, शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. "शून्याचा यात्रेकरू"शी अजिबात नाही. प्रेत सापडून पंधरा दिवस झाले नव्हते तेव्हा हे लिहिलं. ग्राम्शी मला फार मोठा वाटतो, पण इथे तो चुकला आणि वाईट वेळी चुकला.

फरकोटाबद्दल. होय, बापानं लोखंडाच्या व्यापारात पैसा केला आणि जमिनी घेतल्या. पण पोलेसिनेत शेतमजुराची काय अवस्था होती हे बघा की. भूमिहीन, वर्षातले निम्मे दिवस काम नाही, नुसता मका खाऊन पेलाग्रा हा रोग व्हायचा. त्या मजुरांच्या संघटनांबरोबर उभं राहून हा माणूस स्वतःच्याच वर्गातल्या जमीनमालकांशी भांडत होता, आणि ट्रकमध्ये घालणाऱ्यांना पैसे पुरवणारे हेच जमीनमालक. गरिबानं लढावं ही अपेक्षा आणि श्रीमंत लढला की ढोंगी, मग लढायचं कुणी?

परतीचा पाऊस
सभात्यागाचा विषय निघाला म्हणून लिहितो, एरवी मी फक्त वाचतो. माझं इटलीचं ज्ञान या धाग्याएवढंच. पण सभात्याग मी केलाय.

आमच्या कामगारांच्या पतसंस्थेत (नाव घेत नाही) कर्जवाटपात घोळ होता. आम्ही नऊ जण वर्षभर कागद जमवत होतो. वार्षिक सभेला माईकच देईनात, बोलायला उभं राहिलं की मागून शिट्ट्या, एकाची कॉलर धरली. आम्ही ठरवलं की या सभेला मान्यता द्यायची नाही, उठलो, घोषणा दिल्या, बाहेर चहाच्या टपरीवर येऊन एकमेकांना शाबासकी दिली. वाटलं केवढं केलं. महिन्यानं इतिवृत्त हातात आलं. सगळे ठराव "एकमताने मंजूर". आणि ते खोटं नव्हतं हो! विरोध करणारे नऊच्या नऊ बाहेर टपरीवर होतो. तो कागद मी अजून ठेवलाय. नंतर निबंधकाकडे गेलो तर तो विचारतो, तुमचा विरोध नोंदलेला कुठे आहे?

म्हणून मला आव्हेंतीनोवाल्यांचा राग येतो. हा माणूस ओरडा सहन करत "मला संसदीय रीतीनं बोलायचंय" म्हणून उभा राहिला, त्यासाठी मेला, आणि दोस्तांनी त्याच्या नावानं तीच जागा सोडली? त्याची खुर्ची रिकामी ठेवायची तर बाजूच्या खुर्च्यांवर बसून ठेवायची ना!

खडूमास्तर
पाऊस, अनुभव बोलका आहे, पण पतसंस्था आणि इटलीचं राज्य यात फरक आहे. तुमच्या सभेत कुणी पिस्तूल घेऊन बसलं नव्हतं. सभागृह ५३५ चं, त्यात सरकारी यादीचे ३७४. आत बसून काय अडवणार होते? बरं, कम्युनिस्ट नोव्हेंबरमध्ये परत आत गेलेच की. काय फरक पडला? १९२६ च्या नोव्हेंबरात ग्राम्शी खासदार असताना तुरुंगात गेला.

दुसरं, बाहेर पडून ते नुसते बसले नाहीत. लढाई वर्तमानपत्रांत नेली. विरोधकांचा नेता आमेन्दोला, त्याच्या "मोंदो" या वर्तमानपत्रानं डिसेंबरात रोस्सीचं निवेदन छापलं, मुसोलिनीच्याच आतल्या माणसानं त्याच्यावर केलेले आरोप. ते सेन्सॉरशिपचा हुकूम निघालेला असताना छापलं. आमेन्दोला पुढच्या जुलैत मार खाऊन अर्धमेला झाला आणि १९२६ ला त्यातच गेला. त्याला "टपरीवर चहा पिणारा" म्हणणं अन्याय आहे.

परतीचा पाऊस
मी आमेन्दोलाला टपरीवर बसवलं नाही, स्वतःला बसवलं. नीट वाचा. आणि पिस्तूल नव्हतं हे तुम्हाला कसं माहीत? ज्याची कॉलर धरली त्याला नंतर घराजवळ गाठला होता, ते मी लिहिलं नाही कारण त्याच्या बायकोनं सांगितलंय लिहू नका. पुस्तकातून बोलणाऱ्यांना प्रत्येक गोष्ट लहान वाटते.

खडूमास्तर
माफ करा. ते माहीत नव्हतं. "फरक आहे" हे वाक्य मागे घेत नाही, पण ज्या सुरात म्हटलं तो घेतो.

लाल दिवा
मास्तर, रोस्सीचं निवेदन छापलं त्याचा परिणाम काय? बरोबर आठवड्यानं, ३ जानेवारी १९२५ ला, मुसोलिनी सभागृहात उभा राहून म्हणाला की जे घडलं त्याची राजकीय, नैतिक, ऐतिहासिक जबाबदारी माझी एकट्याची, हिंमत असेल तर माझ्यावर खटला भरा. आणि समोर कोण? त्याचेच लोक, टाळ्या वाजवायला. ज्यांनी तिथल्या तिथे उभं राहून "भरतो" म्हणायचं ते बाहेर! पाऊस यांचं "एकमताने मंजूर" ते हेच.

आव्हेंतीनो नाव तर घेतलं प्राचीन रोमच्या सामान्य जनतेवरून. ती जनता शहर सोडून टेकडीवर गेली तेव्हा सैन्यातले शिपाई तेच, राबणारे हात तेच, म्हणून उमरावांना खाली यावं लागलं. १९२४ च्या खासदारांनी मागे मजूर घेतलेच नाहीत, आणि टेकडीचं नाव मात्र घेतलं.

शिपाईगडी
थोडं अवांतर. माझे पणजोबा मराठा पलटणीतून इटलीत होते, १९४४-४५. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला वरच्या तिबेर खोऱ्यात पडले, शिपाई नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ ला सेन्यो नदीवर जखमी साथीदारांना गोळ्यांतून उचलून आणलं, दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस. इथे तिबेर तिबेर चाललंय म्हणून आठवलं, ज्या नदीकाठावरून मात्तेओत्तीला उचललं तिच्याच वरच्या अंगाला वीस वर्षांनी आपल्या गावागावातली पोरं मरत होती, मुसोलिनी आणि हिटलरनं जे मांडून ठेवलं ते निस्तरत. त्यांची नावं इथे कितीजणांना माहीत आहेत? पणजोबा आजीला सांगायचे की एका गावात एक म्हातारी रोज यायची, यांच्या पगडीला हात लावून रडायची, तिचा मुलगा फॅसिस्टांनी मारला होता एवढंच खुणांनी कळलं. तिच्या मुलाची कुठल्या धाग्यावर चर्चा होते?

स्पष्टवक्ता
शिपाईगडी, हे अवांतर नाही. माझ्या लेखाचा मुद्दा हाच होता. मुसोलिनी भाषणांनी गेला नाही, शेवटी बंदुकीनं गेला.

जुनी वही
आणि त्या बंदुका इटलीतल्या कुणी हातात घेतल्या, कुठल्या नावानं? समाजवादी पार्टिझनांच्या तुकड्यांना "मात्तेओत्ती ब्रिगेड" म्हणायचे. मरून एकोणीस वर्षं झालेल्या माणसाच्या नावानं पोरं डोंगरात गेली. नाव घ्यायलाच बंदी असलेल्या देशात ते नाव टिकवलं कुणी?

व्हेलियाचं सांगते, त्याच्या बायकोचं. तीन लहान मुलं. ती मुसोलिनीकडे गेली, नवरा जिवंत असो की मेलेला, परत द्या म्हणायला. प्रेत सापडल्यावर सरकारला अंत्ययात्रा गुपचूप उरकायची होती. तिनं गृहमंत्र्याला पत्र लिहिलं की फ्रात्ता पोलेसिनेला, म्हणजे त्याच्या गावी जाणाऱ्या गाडीत फॅसिस्ट मिलिशियाचा एकही माणूस, कुठल्याही हुद्द्याचा, कुठल्याही कामावर, माझ्या डोळ्यांसमोर येता कामा नये. मला राखीव डबा नको, कसली सवलत नको, साध्या नागरिकासारखी जाईन. त्यानंतर मरेपर्यंत पोलिसांची पाळत. १९३८ ला गेली.

आणि तपासाचं. स्पष्टवक्ता, तुम्ही किएतीवर थांबलात, त्याआधीचं सोडलंत. गाडीचा नंबर एका सामान्य माणसानं टिपून ठेवला होता, त्यावरून दोन दिवसांत दुमिनी स्टेशनवर पकडला गेला. देल जुदिचे आणि तांक्रेदी या दोन न्यायाधीशांनी तपास वरपर्यंत नेला, म्हणून देल जुदिचेला बढती देऊन दूर धाडलं. तरी १९४७ ला खटला पुन्हा उभा राहिला आणि दुमिनीला जन्मठेप लागली. तो १९५६ मध्ये सुटला हे मला माहीत आहे, मास्तरांनी सांगायच्या आत मीच सांगते.

खडूमास्तर
सांगणारच होतो. एक भर घालतो. त्याला भाषणामुळेच मारलं असं धरून सगळे बोलताहेत. सिंक्लेअर या अमेरिकन तेल कंपनीला दिलेल्या सवलतीतल्या लाचेची कागदपत्रं त्याच्या हाती लागली होती, म्हणून मारलं, असं मानणारे इतिहासकार आहेत, मावरो कानाली त्यातले. दे फेलिचेसारखे लोक तर मुसोलिनीनं थेट हुकूम दिला असंही मानत नाहीत. ११ जूनला अर्थसंकल्पावर तो पुन्हा बोलणार होता, १० ला उचलला.

जुनी वही
तेलाचं सिद्ध झालेलं नाही म्हणून मी लिहिलं नव्हतं. पण तेल असो नाहीतर मतदान, दोन्हीकडे हा माणूस कागद घेऊनच उभा राहणार होता ना? ते कागद सभागृहात वाचले जाऊ नयेत एवढ्यासाठी मारला. यात माझं म्हणणं कुठे पडलं?

खडूमास्तर
पडलं नाही. बरं, सभात्यागाबद्दलही थोडं मान्य करतो. बाहेर पडायला हरकत नव्हती, पण ११ जूनला तो जे बोलणार होता ते आधी कुणीतरी उभं राहून वाचायला हवं होतं. मग जायचं.

परतीचा पाऊस
हे मला पटलं. आम्हीही कागद टेबलावर आपटून, पोच घेऊन मग उठायला हवं होतं.

रोमन रस्ता
मी नोकरीनिमित्त रोममध्ये असतो. लुंगोतेव्हेरे आर्नाल्दो दा ब्रेशिया या तिबेरकाठच्या रस्त्यावर, जिथून त्याला उचललं तिथे १९७४ सालचं स्मारक आहे. मी दीड वर्ष त्याच्या बाजूनं जात होतो आणि मला ते स्मारक आहे हेच कळलं नव्हतं. एकदा जूनमध्ये ताजी फुलं दिसली म्हणून थांबलो. ऑफिसात विचारलं तर एक तरुण मुलगी म्हणाली, आमच्या गावात मात्तेओत्ती चौक आहे, तिथे बस थांबते, माणूस कोण ते शाळेत सांगितलं असेल. बाजूचे एक साठीचे गृहस्थ खुर्चीतून उठले आणि तिला उभ्या उभ्या वीस मिनिटं सगळं सांगितलं, फरकोटापासून. त्यांचे आजोबा पोलेसिनेतले शेतमजूर. फरकोटाचं ते चिडून नाही, कौतुकानं सांगत होते, की तो घालून आमच्या चिखलात यायचा.

उच्चारप्रेमी
लुंगोतेव्हेरे बरोबर लिहिलंत, धन्यवाद.

स्पष्टवक्ता
रोमन रस्ता यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. बरं, मथळ्यातलं "वाया गेलेलं" काढतो. "जमीनदाराच्या पोराचं" ठेवणार.

जुनी वही
ठेवा. ते खरंच आहे.